‘आता मोडलंच आहे तर…’

नागपूरच्या महालात कुणाचं वजन वाढलं, तर त्याची चर्चा त्याच्यासमोरच होते. बडकस चौकातून केळीबाग रस्त्याकडे जाताना ओळखीचं कुणी भेटलं, की "काय गं, बरीच सुटलीस!" हे पहिलं वाक्य आणि पाठोपाठ उपाय. कुणी जिऱ्याचं पाणी सांगतं, कुणी गांधीसागरला फेऱ्या मारायला, कुणी दोनदाच जेवायला. अलीकडे इंजेक्शनाचंही नाव निघतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ते वाक्य ऐकून घरी गेलेली बाई त्या संध्याकाळी काय खाते, हे कुणी विचारत नाही. मला त्या संध्याकाळबद्दल लिहायचं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे आढळले. त्याच्या आधीच्या फेरीत हे आकडे २१ आणि १९ च्या आसपास होते. एवढ्या लोकांचा जिभेवरचा ताबा चार-पाच वर्षांत एकदम सुटला, असं मानायला मी तयार नाही. तरीही वजनाची गोष्ट निघाली की आपण ताब्याचीच भाषा बोलतो आणि ज्याला ती ऐकावी लागते तो स्वतःशीही तीच बोलू लागतो. माणूस स्वतःशी काय बोलतो आणि त्यानंतर काय करतो, यावर काम करणारी उपचारपद्धती म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, सीबीटी. नैराश्य आणि भीतीसाठी ती आपल्याकडे आता बऱ्यापैकी माहीत आहे. वजनासाठी तिचा उपयोग होतो का, आणि कुठवर होतो?

पुढच्या संवादातली दोन माणसं प्रत्यक्षात एकत्र बसून बोललेली नाहीत. महालात ऐकत आलो ती दोन बाजूंची मतं मी समोरासमोर आणली आहेत. एक वैद्यकाका: वाड्याच्या ओसरीलगत दवाखाना, बोलणं रोखठोक, वाचन मात्र अजून चालू. दुसरी त्याच गल्लीत लहानाची मोठी झालेली मानसतज्ज्ञ.

वैद्यकाका : माझ्याकडे वजनासाठी येणाऱ्या बाईला काय खावं हे सांगायची गरजच उरली नाही. सगळं पाठ असतं तिला. ज्वारीची भाकर, भात कमी, तळण बंद, रात्रीचं जेवण आठच्या आत. माझ्याआधी तीच म्हणून दाखवते. मग तू तासभर बोलून वेगळं काय करून राहिलीस?

मानसतज्ज्ञ : पाठ असूनही ती तुमच्याकडे येते काका, म्हणजे तिचं घोडं माहितीपाशी अडलेलं नाही. ठरवलेलं आणि हातून झालेलं यांच्यामध्ये काही क्षण जातात. माझं काम तेवढ्या क्षणांचं आहे.

वैद्यकाका : काय होतं त्या क्षणांत?

मानसतज्ज्ञ : महालक्ष्म्यांचा दिवस घ्या. मी कुणा एकीचं सांगत नाही, अनेक घरांत असं होतं. बाईनं पंधरा दिवस खाणं नीट सांभाळलंय. त्या दिवशी पहाटेपासून ती चुलीपाशी. सोळा भाज्या, पुरण, आंबील, वडे. नैवेद्य व्हायचा म्हणून सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. पंगती उठता उठता चार वाजतात. मग ती बसते आणि आग्रहानं एकाऐवजी दोन पोळ्या खाते. इथवर काहीही बिघडलेलं नाही. सणाच्या दिवशी उपाशी बाईनं दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, एवढंच. बिघडतं ते हात धुताना. मनात येतं, ‘आता मोडलंच आहे तर…’ मग रात्री उरलेलं पुरण, दुसऱ्या दिवशी वडे, ‘आता हडपक्या गणपती झाला की बघू’, मग ‘दिवाळी होऊन जाऊ दे’. दोन पोळ्यांचा हिशेब एका दिवसाचा होता. त्या एका वाक्यानं दोन महिने खाल्ले.

वैद्यकाका : हे तर कुणीही सांगेल. मन कच्चं.

मानसतज्ज्ञ : कच्चं असतं तर पंधरा दिवस सांभाळलं नसतं. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिलं, काहींना दिलंच नाही. मग चव सांगायच्या निमित्तानं समोर आइस्क्रीम ठेवलं, हवं तेवढं खा. ज्या एरवी मोजूनमापून खात नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं, सरळ आहे. ज्या कायम वजन सांभाळून खात होत्या, त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं. नेम मोडला गेला होता ना! म्हणजे सर्वांत जास्त धडपडणाऱ्या मुलीच त्या वाक्यात सापडल्या.

वैद्यकाका : म्हणजे पथ्यच दोषी?

मानसतज्ज्ञ : काचेसारखं पथ्य दोषी. जे एकदा तडकलं की फेकूनच द्यावं लागतं, ते.

इथे वैद्यकाका गप्प बसणारे नाहीत, आणि त्यांनी बसूही नये. सीबीटीबद्दल बोलणारे पुष्कळदा सगळा दोष माणसाच्या डोक्यात नेऊन ठेवतात. शरीर बाजूला राहतं.

वैद्यकाका : मी एक सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण घेतले. युद्धात लढायला नकार दिलेली, तत्त्वाची माणसं ती. मनानं खंबीर. २४ आठवडे त्यांना साधारण अर्ध्या आहारावर ठेवलं. काय झालं? ती पोरं स्वयंपाकाची पुस्तकं जमवायला लागली. खाण्याशिवाय दुसरं बोलणं नाही, एकेक घास चघळत बसायचे. आणि पुन्हा भरपूर अन्न मिळाल्यावर कित्येकांना पोट फुटेस्तोवर खाऊनही समाधान होईना. त्यांचे विचार कुणी बिघडवले? उपासमारीनं. आधी शरीर, मग विचार. तू शेपटाला धरून राहिलीस.

मानसतज्ज्ञ : हा प्रयोग आम्हालाही पहिल्या वर्षी शिकवतात, काका. म्हणून तर ज्या व्यक्तीचं खाणं हाताबाहेर जातं, तिच्या उपचारात आम्ही विचारांना पहिल्या दिवशी हात लावतच नाही. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी ही पद्धत बसवली. तिची पहिली पायरी आहे वेळेवर खाणं. तीन जेवणं, मध्ये दोन छोटी खाणी, आणि जागेपणी तीन-चार तासांपेक्षा मोठा खंड नाही. पोट शांत झालं की मगच विचार ऐकू येतात.

वैद्यकाका : पाच वेळा! अगं बाप्पा, हे नागपूर आहे. आपल्या श्रीकांत जिचकारांनी दोनदा खा म्हणून सांगितलं ते विसरलीस? लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तेच धरून अख्ख्या महाराष्ट्राला लावलं. भुकेच्या दोनच वेळा, ५५ मिनिटांत जेवण आटोपायचं, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. माझ्या ओळखीत किती जणांचं वजन उतरलं त्यानं.

मानसतज्ज्ञ : उतरलं असेल. मी त्यांना थांबवत नाही. दोन वेळांचा नेम साफ आहे, दिवसभर ‘खाऊ की नको’ हा घोळ राहत नाही, हे त्याचं मोठं बळ. आणि आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी खा म्हणतात, त्यांच्याही मागे जाणाऱ्यांना बरं वाटलेलं मी पाहिलंय. दीक्षित की दिवेकर यावरून मराठी घरांत काही वर्षांपूर्वी केवढी भांडणं झाली! त्या भांडणात एक प्रश्न राहूनच गेला. हा नेम मोडल्यावर तू काय करतेस? दोन वेळांचा नेम एकीला बसतो. दुसरी दुपारभर भूक मारते आणि रात्री सगळे झोपल्यावर दिवा न लावता डबे उघडते. दोघींना एकच सल्ला कसा चालेल?

वैद्यकाका : दिवा न लावता?

मानसतज्ज्ञ : कुणी बघू नये म्हणून. थोड्या वेळात खूप खायचं, भराभर, भूक नसताना, एकटीनं, आणि सुरू झाल्यावर थांबता न येणं. नंतर स्वतःची किळस. आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने चाललं तर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तकात २०१३ मध्ये तो स्वतंत्र आजार म्हणून आला. लठ्ठ माणसांतल्या सगळ्यांना तो नसतो आणि तो असलेली प्रत्येक व्यक्ती लठ्ठही नसते. ज्यांना आहे त्यांना आपण काय सांगतो? लंघन कर, तोंड आवर. म्हणजे त्या रात्रीची तयारीच करून देतो.

मला विचाराल तर संपूर्ण चर्चेत सर्वांत तातडीची गोष्ट हीच आहे. ज्याला हा आजार आहे त्याला कडक पथ्य देणं अपायाचं ठरू शकतं आणि आपल्याकडे पथ्य देणारा हे सहसा विचारत नाही. दवाखान्यात नाही, जिममध्ये नाही, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर नाहीच. खाऊन मुद्दाम ओकारी काढणं, दिवसेंदिवस उपाशी राहणं किंवा जीव नकोसा वाटणं यांतलं काही असेल, तर वजनाचा विषय बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

वैद्यकाका : बरं, पोट शांत झालं. मग विचारांचं काय करतेस? मंत्र देतेस?

मानसतज्ज्ञ : वही देते. काय खाल्लं, किती वाजता, कुठे, उभ्यानं की बसून, जवळ कोण होतं, भूक किती होती आणि त्या वेळी मनात काय आलं. कॅलरी मोजायच्या नाहीत. ‘मी तर काहीच खात नाही’ म्हणणाऱ्या बाईची वही आठवड्यानं उघडली की दिसतं, जेवण खरंच थोडंच आहे. पण मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्यात उरलेला भात, विरजणाआधीची साय, हे सगळं ओट्यापाशी उभ्यानं झालेलं असतं आणि त्याला ती खाणं धरतच नाही. त्यामागे विचार काय, तर वाया जाऊ नये.

वैद्यकाका : तो विचार चूक आहे का? अन्न टाकू नये हे आपल्या हाडात आहे.

मानसतज्ज्ञ : आणि राहू दे. मी तिच्या श्रद्धेशी भांडत नाही. आम्ही दोघी मिळून तो विचार तपासतो. उरलेलं पोटात गेलं म्हणजे सत्कारणी लागलं का? ते डब्यात गेलं तर? सकाळच्या फोडणीच्या भातात गेलं तर? मुळात एक वाटी तांदूळ कमी लावला तर? मग ती आठवडाभर करून बघते. याला आम्ही प्रयोगच म्हणतो. निकाल काय येईल हे मी आधी सांगत नाही, कारण मलाही ठाऊक नसतं. कधी भात पुरतो. कधी सासूबाई रागावतात.

वैद्यकाका : ते तू बरोबर बोललीस. आता माझं ऐक. ही तुझी वही ती ठेवणार कुठे? इथल्या घरात तिला स्वतःचं कपाट नसतं. चार माणसं वाचतील. आणि दार लावून तुझ्याशी बोलायला खोली कुठून आणणार? नवऱ्याचा डबा, मुलांची शाळा, सासऱ्यांची औषधं. तिच्या जेवणाची वेळ तिच्या हातात नाही. बाहेर चालायला जा म्हणतेस, मे महिन्यात ४५ अंशांत? तिच्या डोक्यात काही चुकीचं नाही, तिचा दिवस चुकीचा आहे. तू डोकं दुरुस्त करत बसलीस तर पुन्हा दोष तिचाच.

हा आक्षेप मला या संवादातला सर्वांत भारी वाटतो. विचार बदला म्हणणं सोपं, ज्या घरात तो विचार रोज नव्यानं तयार होतो त्या घराला हात लावणं अवघड. सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवणाऱ्या बाईला भुकेची खूण ओळखायला सांगणं ही चेष्टा ठरू शकते, जर तिला चार तास आधी जेवायची मुभाच नसेल.

मानसतज्ज्ञ : हे मी मान्य करते. म्हणून चांगल्या सीबीटीत अर्धा वेळ विचारांवर जातच नाही. तो अडचणी सोडवण्यात जातो. वही नको, तर कालनिर्णयवर खूण. बसून जेवले त्या दिवशी टिंब. कुणाला कळत नाही. एकदा नवऱ्याला बोलावते, कधी सासूबाईंना. त्यांना उपदेश करत नाही. विचारते, सणाच्या दिवशी हिला सकाळी दहाला दूध-केळं घेता येईल का? महालक्ष्म्या रागावतील असं त्यांना वाटत असेल, तर आपण त्यावर बोलू. बहुतेक वेळा त्यांनाही कुणी हे कधी विचारलेलं नसतं. त्यांची सगळी उमर तशीच गेलेली असते. आणि उन्हाळ्यात चालणं पहाटे, नाहीतर घरातच. येता-जाता समोशाच्या गाडीपाशी पाय थांबत असतील तर महिनाभर दुसऱ्या गल्लीनं यायचं. त्याला मनाची ताकद लागत नाही.

वैद्यकाका : म्हणजे डोक्याचा उपचार म्हणून दुकान उघडलंस आणि विकून राहिलीस व्यवहार.

मानसतज्ज्ञ : नावात दोन्ही आहे, बोध आणि वर्तन. अल्बर्ट एलिसनी १९५५ च्या सुमारास सुरुवात केली, एरन बेक यांनी साठच्या दशकात फिलाडेल्फियात. दोघेही मनोविश्लेषण शिकलेले. रुग्णाला बालपणात खोदत बसवण्यापेक्षा आज तो स्वतःशी काय बोलतो ते ऐकावं, असं दोघांनाही वाटलं. एलिस यांचे विचार महाराष्ट्रात आणले ते डॉ. कि. मो. फडके यांनी. त्यांचा एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. अंजली जोशींनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी लिहिली. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच संस्था १९९० पासून आहे. म्हणजे हे सगळं मराठीला परकं नाही. एलिस एका शब्दाच्या मागे लागायचे: ‘मस्ट’, म्हणजे आपला ‘च’. मला गोड मिळायलाच हवं. मी बारीक झालेच पाहिजे. पहिला ‘च’ खायला लावतो आणि दुसरा खाल्ल्यावर शिक्षा देतो. दोन्ही सैल करायचे असतात. आपल्याकडे सगळे फक्त पहिल्याच्या मागे लागतात.

वैद्यकाका : चरकानं सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात स्थौल्याची कारणं सांगितली आहेत. अति खाणं, जड आणि गोड, व्यायाम नाही, दिवसाची झोप. त्यातच नित्य आनंदात राहणं आणि चिंता न करणं हीसुद्धा आहेत. म्हणजे मनाचा संबंध त्यानं तेव्हाच लावला. तू नवीन काय सांगितलंस?

मानसतज्ज्ञ : त्याच यादीच्या शेवटी बीज आहे ना, काका? आईवडिलांकडून आलेलं. चरकानं ते मान्य केलं. तुमच्या दवाखान्यात येणाऱ्या बाईला मात्र बीज कुणी सांगत नाही, तिला फक्त तोंड आवरायला सांगतात. आणि एका ठिकाणी माझा चरकाशी मतभेद आहे. तो उपाय म्हणून जागरण आणि चिंतन सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या बायका चिंतेनं झोपत नाहीत आणि न झोपल्यानं खातात. कमी झोप आणि वाढतं वजन एकत्र जातात, हे आता पुष्कळ अभ्यासांत दिसलंय.

वैद्यकाका : त्यानं सांगितलं ते गादीवर लोळणाऱ्या सुखवस्तू माणसासाठी. तुझ्या ओट्यापाशी उभ्या बाईसाठी नव्हे, एवढं मी मानतो. पण हेही त्यानंच लिहिलंय, की अति कृश आणि अति स्थूल यांत कृश परवडला, स्थूल माणसाला आजार झाला तर तो जास्त छळतो. अवघड आहे हे त्याला ठाऊक होतं. तू सांग खरं, तुझ्या उपचारानं वजन उतरतं का?

मानसतज्ज्ञ : खरं सांगते. ज्यांनी खाण्याच्या आजारांसाठी ही पद्धत घडवली त्या फेअरबर्न यांनीच झाफ्रा कूपर यांच्यासोबत २०१० मध्ये लठ्ठपणावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. १५० स्त्रिया. उतरलेलं वजन टिकावं म्हणून खास सीबीटी रचली होती. तीन वर्षं मागोवा घेतला. बहुतेकींचं वजन परत चढलं. त्यांनी तो निकाल लपवला नाही, छापला. बिंज ईटिंगमध्येही तेच दिसतं. अनावर खाणं थांबतं किंवा पुष्कळ कमी होतं. वजन त्या मानानं थोडंच हलतं.

वैद्यकाका : मग झालं तर! मी इतका वेळ काय म्हणून राहिलो?

मानसतज्ज्ञ : थांबा. २००२ मध्ये अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवरचा मोठा अभ्यास आला. लक्ष्य फक्त ७ टक्के वजन कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. त्या कार्यक्रमाचे धडे काढून बघा. नोंद ठेवणं, अडचण सोडवणं, नकारात्मक विचारांना उत्तर देणं, घसरल्यावर परत येणं. हेच सगळं. आणि चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्या लोकांवर तसाच अभ्यास केला, २००६ मध्ये आला. आहार आणि चालण्याच्या सल्ल्यानं मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, तेही वजनात फारसा फरक नसताना! काट्याला कळलं नाही, रक्ताला कळलं.

वैद्यकाका : पुण्याचे याज्ञिक सांगतात तसं. बारीक दिसणारा भारतीयही आतून चरबीचा.

मानसतज्ज्ञ : हो. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांचा तो फोटो २००४ च्या लॅन्सेटमध्ये आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. म्हणून आपल्यासाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात, बायकांची कंबर ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. तुमच्या ओसरीवर ज्याला कुणी ‘सुटलास’ म्हणत नाही, त्याचीही साखर बघायला हवी.

वैद्यकाका : आता तर ते इंजेक्शन आलं. मौंजारो. मार्च २०२५ मध्ये भारतात उतरलं आणि आठवड्याला एक टोचलं की भूकच गप्प. मग तुझी टिंबं कोण काढणार?

मानसतज्ज्ञ : ज्याला डॉक्टर सांगतील त्यानं घ्यावं, मी आडवी येणार नाही. ते घेणारे म्हणतात की डोक्यातली खाण्याची बडबड थांबली. काका, हा तुमच्याच बाजूचा पुरावा आहे. बडबड शरीरातून येत होती, तो चारित्र्याचा दोष नव्हता. इतकी वर्षं त्या माणसाला आळशी म्हटलं त्यांनी खरं तर त्याची माफी मागायला हवी. पण त्याच प्रकारच्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं साधारण दोन तृतीयांश परत आलं. औषध महाग आहे, कधीतरी थांबतं. त्या दिवशी तिच्यापाशी काय असेल?

वैद्यकाका : तू सांग.

मानसतज्ज्ञ : पुढच्या जेवणाला परत येणं. दोन पोळ्या जास्त झाल्या, रात्री नेहमीसारखी भाकर-भाजी. वर्षभर नाही, महिनाभर नाही, फक्त पुढचं जेवण. मी माझ्या कामाचं यश यात मोजते, की घसरल्यावर परत यायला तिला किती वेळ लागला. आधी दोन महिने लागायचे, आता एक रात्र लागते. त्यात कधी पाच किलो उतरतात, कधी दोन, कधी वाढणं फक्त थांबतं. आणि ती साखर तपासायला जाते. आधी ती दवाखान्यातच जात नव्हती, वजनावर बोलणी बसतात म्हणून.

मी इथे मानसतज्ज्ञाच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. किलोंचं आश्वासन देऊन सीबीटी विकणारे मला मान्य नाहीत. पण जिला शरीराची लाज वाटते म्हणून रक्तदाब मोजायला जायचं टाळावं लागतं, तिची लाज उतरवणं हाही औषधोपचारच आहे. थायरॉइड, पाळीच्या तक्रारी, स्टेरॉइड, काही मानसिक आजारांवरची औषधं यांनीही वजन वाढतं. ते बघायला आधी कुणापुढे तरी उभं राहावं लागतं ना?

वैद्यकाका : माझ्याकडे सकाळी ओसरी भरलेली असते. तुझ्यासारखा तासभर मला देता येणार नाही. मला जमेल असं काही सांग.

मानसतज्ज्ञ : वजनासाठी आलेल्या प्रत्येकीला एवढं विचारा: गेल्या महिन्यात असं कधी झालं का, की खाणं सुरू झालं आणि थांबवताच आलं नाही? आणि त्यानंतर स्वतःला काय म्हणालीस? पहिल्याचं उत्तर ‘हो, होतं असं’ आलं, तर लंघन देण्याआधी माझ्याकडे पाठवा.

वैद्यकाका : लंघन आमचं पहिलं औषध आहे, पोरी.

मानसतज्ज्ञ : तिला नको. बाकीच्यांचं तुम्ही ठरवा.

वैद्यकाका : मला हे पूर्ण पटलेलं नाही. दिवाळीपर्यंत तुझं ऐकून पाहतो, तशी कुणी आली तर आधी तुझ्याकडे. पण वजन मी करणारच.

मानसतज्ज्ञ : करा ना. आठवड्यातून एकदाच, त्याच काट्यावर. फक्त आकडा मोठ्यानं वाचू नका. बाहेर तिची शेजारीण बसलेली असते.

वैद्यकाका : मग चिठ्ठीवर लिहून हातात देईन.

मानसतज्ज्ञ : आधी विचारा, तिला तो आज हवाय का.